पाठीच्या मालिशीत कपिंगचा वापर : नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीनिहाय मार्गदर्शन

हाताने मालीश करताना आपण स्नायू दाबतो, तर आतली हवा ओढून कप लावल्यावर तीच कातडी आणि तिच्याखालचे थर वर उचलले जातात. पाठीच्या मालिशीत कपचा उपयोग होतो तो मुख्यतः या फरकामुळे. दाब ज्यांना सोसत नाही, किंवा कितीही दाबले तरी ज्यांच्या पाठीतला ताठरपणा हलत नाही, अशा काहींना या उलट दिशेच्या ओढीने मोकळे वाटते. ज्यांना पाठीची साधी मालीश येते, पण कप अजून हाताळलेले नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शिकताना मी जिथे जिथे अडखळलो आणि ज्या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळायला वेळ लागला, ते सारे येथे कामाच्या क्रमाने मांडले आहे.

येथे फक्त कोरड्या कपिंगचा, म्हणजे कातडीला छेद न देता हवा ओढून लावल्या जाणाऱ्या कपचा विचार केला आहे. छेद देऊन रक्त काढण्याची पद्धत हे वैद्यकीय अधिकार असलेल्या व्यक्तीचे काम आहे, कारण तेथे रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाचा धोका येतो. काचेच्या कपात ज्योत धरून लावण्याची पद्धतही नवख्याने स्वतःहून करू नये. त्या पद्धतीत भाजण्याचे अपघात होतात आणि पंपाच्या कपने जे साधत नाही असे त्यातून पाठीला फारसे काही मिळत नाही.

अपेक्षाही सुरुवातीलाच स्पष्ट असाव्यात. जुनाट कंबरदुखी आणि मानदुखीत कपिंगने काही काळ वेदना कमी होते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, मात्र त्या पुराव्याचा दर्जा बेताचाच आहे, कारण रुग्णाला ओळखू न येणारा नकली कप लावून तुलना करणे कठीण असते. त्यामुळे ताठरपणा काही काळ सैल होईल आणि हालचाल सोपी वाटेल, एवढेच सांगावे. मणक्यांमधली सरकलेली चकती जागेवर येईल किंवा शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर पडतील, असे कधीही सांगू नये.

१. प्रशिक्षण आणि कागदपत्रे आधी तयार ठेवा

चित्रफिती पाहून कप लावता येतो, परंतु ओढ किती ठेवावी हे चित्रफितीतून कळत नाही. ते शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, आधी स्वतःच्या मांडीवर आणि मग दुसऱ्याच्या पाठीवर करूनच कळते. मालीश व्यावसायिकाने कपिंग करण्याबाबतचे नियम ठिकाणानुसार बदलतात, म्हणून आपल्या भागातील नियम आणि आपल्या विम्यात कपिंगचा समावेश आहे की नाही, हे पहिला कप लावण्यापूर्वी लेखी तपासून घ्यावे. मालिशीचा विमा आहे म्हणजे कपिंगचाही आहे, असे गृहीत धरण्याची चूक बरेच जण करतात.

जवळ असावीत अशी कागदपत्रे :

- प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि विम्याची प्रत
- आरोग्यविषयक प्रश्नावली, ज्यात चालू औषधांसाठी वेगळी जागा असेल
- डागांचा स्पष्ट उल्लेख असलेले संमतिपत्र
- पाठीची बाह्याकृती छापलेला नोंदीचा कागद

२. साहित्य मोजकेच, पण योग्य घ्या

नवख्याने पंपाचे प्लास्टिकचे कप घ्यावेत. ते पारदर्शक असल्याने आत कातडी किती उचलली गेली हे दिसते, आणि वरच्या झडपेमुळे ओढ थोडी थोडी कमी-जास्त करता येते. सिलिकॉनचे कप पाठीवरून सरकवत फिरवायला सोपे असतात, पण त्यांची ओढ ते किती दाबून लावले यावरच ठरते, आणि अपारदर्शक असतील तर आत काय चालले आहे ते दिसत नाही. सुरुवातीला पंपाचे कप आणि फिरवण्यासाठी मऊ सिलिकॉनचे एक-दोन कप पुरेसे आहेत.

- साधारण ३ ते ४ सेंटिमीटर व्यासाचे कप, खवाटा (खांद्यामागचे पसरट हाड) आणि कणा यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यासाठी
- साधारण ५ ते ६ सेंटिमीटर व्यासाचे कप, कंबर आणि पाठीच्या रुंद भागासाठी
- हातपंप
- वास नसलेले वनस्पती तेल किंवा मालिशीचे क्रीम
- स्वच्छ टॉवेल, घोट्यांखाली आणि पोटाखाली ठेवायला उशा
- वेळमापक
- साबण, जंतुनाशक, एकदाच वापरायचे हातमोजे

वेळमापक या यादीत शोभेसाठी नाही. हात दुसरीकडे गुंतले की लावलेल्या कपची तीन मिनिटे केव्हा आठ होतात ते कळत नाही, आणि फोड येण्यामागे जोराच्या ओढीइतकाच लांबलेला वेळही असतो.

३. कोणाला कप लावू नये, हे पाठ असू द्या

संपूर्ण प्रक्रियेत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. कप लावल्यावर कातडीखालच्या केशवाहिन्या ताणल्या जातात आणि त्यांतल्या काही फुटतात, म्हणून रक्त गोठण्याशी संबंधित कोणतीही अडचण असेल तर कप लावू नये. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, हिमोफिलिया, बिंबाणूंची (प्लेटलेट्सची) कमतरता यांचा यात समावेश होतो. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. येथे एक सापळा आहे. “काही औषधे घेता का?” असे विचारले तर पुष्कळ लोक “नाही” म्हणतात, कारण रोजची एक छोटी गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. “हृदयासाठी, रक्तदाबासाठी किंवा रक्त पातळ राहावे म्हणून रोज एखादी गोळी घेता का?” असे नेमके विचारावे.

जखम, पुरळ, जंतुसंसर्ग, उन्हाने भाजलेली कातडी, उंच आलेला तीळ किंवा कसलीही गाठ यांवर कप ठेवू नये. सोरायसिस असलेल्यांच्या बाबतीत निरोगी दिसणाऱ्या जागीही तो टाळावा, कारण कातडीला इजा झालेल्या ठिकाणी नवे चट्टे उमटण्याची प्रवृत्ती या आजारात असते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने किंवा वयोमानाने कातडी कागदासारखी पातळ झाली असेल, मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल, ताप असेल, पायात रक्ताची गुठळी झाल्याचे निदान असेल, किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर कप बाजूला ठेवावेत. गरोदरपणात कंबर आणि पोट येथे कप लावूच नयेत, आणि नवख्याने तर अशा वेळी कपिंग पूर्णपणे टाळावे.

काही पाठदुखींवर मालीशही करू नये. मूत्र किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, किंवा पायातली ताकद वेगाने कमी होणे ही मज्जारज्जूच्या खालच्या नसांवर दाब येत असल्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यासाठी तत्काळ रुग्णालयात जावे लागते. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, तापासह दुखणे, कारणाशिवाय घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी आणि कूस बदलूनही न थांबणारी वेदना, यांपैकी काही आढळले तर आधी डॉक्टरांकडे पाठवावे. अशा वेळी कामाला नकार देताना संकोच वाटतो, तो बाजूला ठेवायलाच हवा.

४. संमती घेताना डागांचे छायाचित्र दाखवा

“थोडे डाग येतील” हे वाक्य पुरेसे नाही. ऐकणाऱ्याच्या मनात फिकट गुलाबी ठिपके येतात आणि प्रत्यक्षात गडद जांभळी वर्तुळे उमटू शकतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर दिसलेली वर्तुळे अनेकांना आठवतात, पण ती आपल्याच पाठीवर उमटतील याचा विचार केलेला नसतो. छायाचित्र दाखवावे, डाग काही दिवसांपासून सुमारे दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतात हे सांगावे, आणि त्या काळात पाठ उघडी राहील असा एखादा समारंभ किंवा पोहण्याची स्पर्धा आहे का, हे विचारावे. असेल तर केवळ फिरता, हलका कप वापरावा किंवा दिवस बदलावा.

त्याच वेळी ओढ सांगण्याची पद्धत ठरवून घ्यावी. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मोजपट्टीवर ओढ चारच्या पुढे जाऊ द्यायची नाही. टोचणे, जळजळ, बधिरपणा किंवा गरगरणे यांपैकी काहीही झाले तर लगेच बोलायचे. सहन करण्यात शौर्य नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, कारण पालथे झोपलेले लोक बहुधा गप्प राहतात.

५. आधी हाताने पाठ चाचपा

व्यक्तीला पालथे झोपवून घोट्यांखाली उशी द्यावी. कंबरेचा बाक खोल असेल तर पोटाखालीही पातळ उशी द्यावी. मग आठ-दहा मिनिटे नेहमीची मालीश करावी. यामुळे कातडी आणि स्नायू उबदार होतात, शिवाय कप कोठे लावायचा हे याच मिनिटांत ठरते.

हाताला काही खुणा सापडल्या पाहिजेत. मान पुढे वाकवल्यावर तिच्या मुळाशी सर्वांत ठळक लागणारा मणका बहुधा मानेचा सातवा असतो. खवाट्याचे खालचे टोक साधारण छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर येते. कमरेवर हात ठेवल्यावर लागणाऱ्या हाडाच्या कडा कमरेच्या चौथ्या मणक्याची पातळी दाखवतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे उभे जाणारे स्नायू, खवाटा आणि कणा यांच्यामधले स्नायू, तसेच मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूचा मांसल भाग, ही कप लावण्याची मुख्य ठिकाणे आहेत.

हाडावर कप ठेवू नये. मणक्यांची टोके, खवाट्याची आडवी कड आणि शेवटच्या तरंगत्या बरगड्या येथे कपची कड रुतते आणि हवाही शिरते. कातडी दोन बोटांत हलकेच उचलून सरकवून पाहावी. जेथे ती खालच्या थराला चिकटल्यासारखी वाटते, उचलली जात नाही, ते ठिकाण मनात नोंदवावे. नंतर फरक पडला की नाही, हे याच चाचणीने कळणार आहे.

६. पहिला स्थिर कप : ओढ कमी, वेळ कमी

जेथे कप लावायचा तेथे तेलाचा पातळ थर पुरे. फार तेल झाले तर कप घसरतो, आणि पंपाच्या झडपेत तेल शिरले की ती चिकट होऊन हवा सोडू लागते. पाठीवर केस असतील तर थोडे जाडसर क्रीम लावावे. कप बसावा म्हणून त्याच दिवशी केस काढू नयेत, कारण ताज्या वस्तऱ्याच्या बारीक खरचटींवर कप लावणे धोक्याचे असते.

कप सपाट टेकवून पंप अर्धाच ओढावा आणि थांबावे. आत कातडीचा घुमट अर्धा सेंटिमीटरच्या आसपास उचलला गेला तर पहिल्या वेळेला ते पुरेसे आहे. समोरच्या व्यक्तीला आकडा विचारावा, आणि दोन किंवा तीन आला तर तेथेच राहावे. एक मिनिटाने पुन्हा विचारायचे, कारण ऊती हळूहळू सैल होऊन कपात आणखी शिरतात आणि सुरुवातीला सौम्य वाटलेली ओढ नंतर तीव्र होऊ शकते.

पहिल्या सत्रात चार ते सहा कप पुरेत, आणि तीन ते पाच मिनिटांत ते काढावेत. पुढे अनुभवाने आणि त्या व्यक्तीच्या प्रतिसादाने हा काळ वाढवता येतो, पण दहा मिनिटांच्या पुढे जाण्याचे कारण मला तरी कधी सापडलेले नाही. कप लावून खोलीबाहेर जाऊ नये.

वेळ संपायच्या आत कातडीकडे पाहत राहावे. गुलाबी ते लालसर होणे अपेक्षित आहे. झपाट्याने काळपट-जांभळी होत असेल, पाण्याने भरलेले बारीक फोड दिसू लागले, किंवा कपाच्या आत ओलसरपणा जमू लागला, तर कप ताबडतोब काढावा. सावळ्या आणि काळ्या कातडीवर हा रंगबदल उशिरा आणि पुसट दिसतो. तेथे रंगावर विसंबून राहिल्यास कप जास्त वेळ राहतो, म्हणून घड्याळ, घुमटाची उंची आणि समोरच्याचे उत्तर या तिन्हींवरच भर द्यावा. डाग आला नाही म्हणून ओढ वाढवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. डाग हे केशवाहिन्यांतून झिरपलेले रक्त असते. स्नायू सैल झाला की नाही हे त्यातून कळत नाही.

७. फिरता कप : मालिशीचा खरा जोडीदार

मला पाठीसाठी सर्वांत उपयोगी वाटते ती ही पद्धत. स्थिर कप एका जागेवर काम करतो, तर फिरत्या कपने पाठीचा पूर्ण पट्टा हाताळता येतो, आणि ओढ हलकी असेल तर डागही क्वचितच राहतात.

या वेळी तेल मोकळ्या हाताने घ्यावे. ओढ स्थिर कपापेक्षाही कमी ठेवावी, इतकी की कप बोटांनी सहज सरकेल. सरकवताना तो अडखळत असेल तर जोर लावू नये. हवा थोडी सोडावी किंवा तेल वाढवावे. एका हाताने कप धरावा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने कपच्या मागची कातडी हलकेच थोपवून धरावी, म्हणजे ती सुरकुतत नाही. कप ज्या दिशेने जातो त्या बाजूची कड किंचित वर उचललेली असू द्यावी. ही छोटीशी कलती पकड हाताला सवयीची झाली की कातडीत कड रुतण्याची तक्रार जवळपास थांबते.

कमरेपासून वर, कण्याच्या बाजूने एका ओळीत, खवाट्याच्या खालच्या टोकापर्यंत हळूहळू जावे. एवढ्या अंतराला आठ-दहा सेकंद लागू द्यावेत. मग खवाट्याच्या आतल्या कडेला लागून वर जावे आणि शेवटी खांद्याच्या मांसल भागावरून बाहेरच्या दिशेने जावे. प्रत्येक रेघ पाच-सहा वेळा पुरे. कणा ओलांडायचा असेल तर कप काढून पलीकडे नव्याने लावावा, मणक्यांवरून ओढत नेऊ नये. जेथे कप अडतो, आणि कमी तेलामुळे नव्हे हे तपासलेले असते, तेथे थोडे थांबून लहान गोल हालचाल करावी. बहुधा हेच ते ठिकाण असते, जे पाचव्या पायरीत हाताला चिकटलेले लागले होते.

मानेच्या पुढच्या व बाजूच्या भागावर कप फिरवू नये. तेथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

८. कप काढणे आणि लगेच नंतरची काळजी

कप सरळ ओढून कधीही काढू नये. पंपाच्या कपची झडप उचलून हवा आत जाऊ द्यावी. सिलिकॉनच्या कपच्या कडेशी कातडी बोटाने दाबली की हवा आत जाते आणि कप आपोआप सुटतो. त्यानंतर दोन-तीन मिनिटे उघड्या हाताने हलकी मालीश करावी आणि कातडी सरकवण्याची चाचणी पुन्हा करावी.

व्यक्तीला आधी कुशीवर वळवून, मग हळूहळू उठवून बसवावे. पालथ्या अवस्थेतून एकदम उठल्यास काहींना चक्कर येते, विशेषतः उपाशी आलेल्यांना. तो दिवसभर कातडी संवेदनशील राहते, म्हणून त्या दिवशी गरम पाण्याची टबबाथ, वाफेची खोली, बर्फाचा शेक, कडक ऊन आणि अंगमेहनतीचा व्यायाम टाळायला सांगावे. भरपूर पाणी प्यायला सांगायला हरकत नाही, पण त्याने डाग लवकर जातात असे सांगू नये.

फोड आलाच तर तो फोडू नये. स्वच्छ, कोरड्या पट्टीने झाकावा, आणि लाली पसरणे, पू किंवा ताप दिसल्यास डॉक्टरांकडे जावे.

९. स्वच्छता : प्रत्येक व्यक्तीनंतर

कप आधी साबण आणि कोमट पाण्याने नीट धुवावेत, कारण तेलाचा थर राहिला तर जंतुनाशक कातडी टेकणाऱ्या कडेपर्यंत पोहोचत नाही. झडप सुटी करता येत असेल तर ती वेगळी धुवावी. मग जंतुनाशकात, त्याच्या वेष्टनावर लिहिलेल्या वेळेइतके ठेवून, धुऊन हवेवर वाळवावेत. कपच्या उत्पादकाने कोणते जंतुनाशक चालते असे सांगितले आहे ते पाहावे, कारण काही प्लास्टिकना अल्कोहोलने बारीक तडे जातात, आणि पारदर्शक प्लास्टिकचे बरेचसे कप उकळण्यासाठी बनवलेले नसतात. ज्या कपावर रक्त किंवा फोडातला द्रव लागला, तो नेहमीच्या धुण्यावर न सोडता टाकून द्यावा.

१०. नोंद आणि पुढचे सत्र

पाठीच्या आकृतीवर कप कोठे लावले, किती मिनिटे, पंप किती ओढला आणि समोरच्याने कोणता आकडा सांगितला, हे त्याच दिवशी लिहावे. दुसऱ्या दिवशी फोन करून डाग, खाज आणि हालचाल यांबद्दल विचारावे. पुढचे सत्र डाग पूर्ण फिके झाल्यावर, म्हणजे साधारण आठवड्याने किंवा त्याहून उशिरा ठेवावे. डाग असलेल्या जागी पुन्हा कप लावू नये, फार तर शेजारी हाताने मालीश करावी. तीन-चार सत्रांनंतरही चाचणीत किंवा रोजच्या हालचालीत काही फरक नसेल, तर कपची ओढ वाढवू नये. दुखण्याचे मूळ शोधण्यासाठी त्या व्यक्तीला डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे, आणि आपली नोंदवही सोबत द्यावी.